कुटुंब, श्रद्धा, सेवा आणि मधले स्वल्पविराम

मराठी घरातली म्हातारी गेली की दोन प्रकारचं लेखन होतं. पहिलं लगेच होतं. ‘आमच्या मातोश्री यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले’, खाली अंत्ययात्रेची वेळ आणि तिच्याही खाली शोकाकुल मंडळींची नावं. दुसरं दहाव्या-तेराव्यापर्यंत होतं, किंवा वर्षश्राद्धाला. ते जरा लांबलचक असतं आणि घरातला सगळ्यात ‘बरं मराठी’ असलेला माणूस ते लिहितो. त्यात ती प्रेमळ असते, धार्मिक वृत्तीची असते, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसते, महिला मंडळात किंवा देवळाच्या कामात पुढे असते. शेवटाकडे कुठेतरी एक वाक्य हमखास येतं : तिने आपलं आयुष्य कुटुंब, श्रद्धा आणि समाजसेवेला वाहून घेतलं होतं. आपण ते फॅमिली ग्रुपवर वाचतो, हात जोडलेले टाकतो आणि पुढे सरकतो.

आठवड्याने आठवून बघा. ती बाई कशी होती? काही आठवत नाही. नाव बदललं तर तोच मजकूर तुमच्या आत्याला चालेल, माझ्या आजीला चालेल. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं, त्यापेक्षा तो फार जास्त सांगत नाही. पंखा निदान वारा तरी देतो.

हे चेष्टेने म्हणत नाही. घरात माणूस गेलेलं असताना कुणी शैलीचा विचार करत बसावा अशी अपेक्षा करणं दुष्टपणाचं आहे. पण हा लेखनप्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त लिहिला जातो, सगळ्यात जास्त वाचला जातो आणि समीक्षा मात्र त्याच्या वाटेला कधी जात नाही. कथा-कवितेला जे प्रश्न विचारतो ते याला विचारून बघायला हरकत नाही. माझा प्रश्न त्या एका वाक्याबद्दल आहे. कुटुंब, श्रद्धा, समाजसेवा. तीन शब्द स्वल्पविरामाने जोडून इतके शेजारी-शेजारी बसवलेले असतात की ते एकाच कुटुंबातले वाटावेत. प्रत्यक्षात बाईच्या आयुष्यात या तिघांचं आपसात क्वचितच पटतं. सेवेला बाहेर पडायचं तर घर अडवतं. श्रद्धा म्हणते याला शिवू नकोस आणि सेवा म्हणते उचल त्याला. श्रद्धा बदलली तर घर मोडतं. त्या भांडणात बाईने काय केलं, कुणाची बाजू घेतली, कुणाला गप्प केलं, तीच तिची गोष्ट असते. आपण ती गोष्ट स्वल्पविरामात पुरतो.

मराठी साहित्यात असं झालेलं नाही अशी उदाहरणं आहेत. गंमत म्हणजे, ज्या पुस्तकामुळे आपला श्रद्धांजलीचा साचा बनला असं मानलं जातं, तेच पुस्तक नीट वाचलं तर साच्यात बसत नाही.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, फेब्रुवारी १९३३ मध्ये, जेमतेम पाच दिवसांत. पुस्तक १९३५ मध्ये आलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी सिनेमा काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर आई म्हणजे वनमालाबाईंचा तो सोशिक चेहरा असं समीकरण होऊन बसलं. आज बहुतेकांच्या डोक्यात जी श्यामची आई आहे ती सिनेमा, शाळेतला धडा आणि प्रत्येक मातृदिनाला फिरणारे मेसेज यांची मिळून झालेली आहे. पुस्तकातली बाई जरा निराळी आहे.

त्यातला मोळीचा प्रसंग घ्या. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडली आहे, तिला ती उचलता येत नाही, आणि उचलून द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. लहानपणी आपण हा प्रसंग ‘आई किती थोर’ म्हणून वाचतो. आज वाचताना ती आंघोळ खुपते. खुपायलाच हवी. पण मला त्या प्रसंगाचं मोल त्या आंघोळीतच दिसतं. इथे श्रद्धा आणि सेवा समोरासमोर आलेल्या आहेत आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीची, कोकणातल्या खेड्यातली ब्राह्मण बाई त्यातून तिला जमेल तशी वाट काढते आहे. मोळी आधी, विटाळ नंतर. वाट अर्धीच आहे. गुरुजींनी ती पुसली नाही. त्यांना सहज पुसता आली असती. स्वतः अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घालवलेला लेखक आपल्या आईच्या आठवणीतून आंघोळ गाळू शकला असता, आणि वाचणाऱ्या कुणालाच ते कळलं नसतं. श्रद्धांजलीच्या मजकुरात ती आंघोळ पहिल्यांदा गेली असती.

दुसरा प्रसंग सावकाराच्या वसुलीचा. वसुलीला आलेला माणूस बायको विका इतक्या थराला बोलतो तेव्हा आतून आई संतापून बाहेर येते. सिनेमातल्या आसवांपेक्षा पुस्तकातला हा राग मला जास्त खरा वाटतो. त्यात अब्रूची चाड आहे, नवऱ्याच्या हतबलतेने आलेली चीड आहे आणि पैशाचं गणित कोलमडल्याची भीती आहे. ‘सोशिक’ या एका शब्दात यातलं काही मावत नाही.

तरीही हे पुस्तक मुलाने लिहिलेलं आहे, आणि तेही आश्रमातल्या मुलांना रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. प्रत्येक रात्रीतून काहीतरी शिकवण निघायला हवी ही त्याची अट आहे. त्यामुळे आई जे काही करते ते श्यामला घडवण्यासाठी करते. श्याम झोपल्यावर ती काय करत असेल, तिला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायला पुस्तकाला उसंत नाही. मुलाच्या आठवणीत आई नेहमी मुलाकडे तोंड करून उभी असते. यात गुरुजींचा दोष काढण्यासारखं काही नाही. मुलाला दिसते ती बाजू त्याने प्रामाणिकपणे लिहिली. अडचण आपली आहे. आपण तीच एक बाजू पूर्ण बाई म्हणून उचलली आणि पुढची नव्वद वर्षं प्रत्येक आजीला तीच साडी नेसवत राहिलो.

मग बाईने स्वतः लिहिलं तर? तिथेही मामला सरळ नाही. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये आलं. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न, नवऱ्याने शिकवायला घेतलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात खपलं नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्या सभांना जाण्यावरून घरात धुसफूस. पुढे मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी गव्हर्नरसमोर इंग्रजीत भाषण वाचल्यावर टोमण्यांचा कहर. दिवसभर स्वयंपाकघरात सासुरवास आणि संध्याकाळी नवऱ्याजवळ पुस्तक, असं ते आयुष्य आहे. कुटुंब आणि समाजकार्य यांच्यातला स्वल्पविराम कसा असतो हे बघायचं असेल तर ते जेवणघर बघा. जिथे टोमणे मारले जातात तिथेच वाढायचं, आणि नवऱ्याकडे चहाडी करायची नाही.

पण या पुस्तकाची एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. ते १९०१ मध्ये, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, संपतं. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. पुण्याचं सेवासदन १९०९ मध्ये उभं केलं, बायकांना शिक्षण आणि परिचारिकेच्या कामाचं प्रशिक्षण मिळावं म्हणून खटपट केली, येरवड्याच्या तुरुंगात कैदी बायकांना भेटायला जात राहिल्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी पुढे झाल्या. म्हणजे ज्या कामासाठी आज त्यांचं नाव रस्त्यांना आणि शाळांना आहे, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात नाही. पुस्तकाच्या नावातला ‘आमच्या’ शब्द खरा आहे. नवरा गेल्यावर ‘आमचं’ आयुष्य संपलं, आणि ‘माझं’ लिहिण्याची रीत नव्हती. लिहिता येणाऱ्या, सभा चालवणाऱ्या, गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्याची प्रस्तावना लाभलेल्या बाईची ही गत, तर ज्या आजीने कधी सहीपलीकडे काही लिहिलं नाही तिने आपल्या आयुष्यातलं काय सांगण्याजोगं मानलं असेल? आपण मजकूर लिहायला बसतो तेव्हा हातात जे असतं ते आधीच तिने गाळून दिलेलं असतं.

हे गाळणं जिने नाकारलं तिच्याकडे आता येऊ.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. ‘श्यामची आई’ही त्याच वर्षांतली. मराठीला एकाच सुमारास दोन आया मिळाल्या, एक मुलाने लिहिलेली आणि एक स्वतःची स्वतः लिहिणारी. आपण साचा पहिलीचा घेतला. दुसरीला ‘विनोदी’, ‘निर्मळ’, ‘घरगुती’ अशी विशेषणं दिली आणि पाठ्यपुस्तकात एखादा हसरा उतारा घालून मोकळे झालो.

या पुस्तकाची सुरुवातही दुसऱ्याच्या स्मरणार्थ झाली. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. वडील म्हणजे कवी नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, हा घोळ अजून होतो). त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात असं ठरलं. रमाबाईंच्या पुस्तकासारखंच पतीचं पुण्यस्मरण व्हायचं होतं. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि पुस्तक त्यांचं झालं. टिळक त्यात प्रत्येक पानावर आहेत, पण लक्ष्मीबाईंच्या नजरेतून : तापट, लहरी, न सांगता घरातून निघून जाणारे, हातात पैसा आला की वाटून मोकळे होणारे आणि त्यांना मनापासून आवडणारे. नवऱ्यावर इतकं प्रेम आणि नवऱ्याबद्दल इतकी कमी भीड, हा मेळ मराठीत पुन्हा फारसा सापडत नाही.

श्रद्धेचं काय होतं ते बघा. लक्ष्मीबाईंच्या आजोळच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची. त्या घरात पोरांनी काय सोसलं ते लक्ष्मीबाई हसवत सांगतात, पण हसता हसता लक्षात येतं की इथे ‘धार्मिक वृत्ती’ म्हणून जी चीज आहे ती मुळात घाबरलेल्या माणसाची धडपड आहे. सरकार फासावर चढवतं, त्यावर काही करता येत नाही. मग निदान विटाळ तरी आवरू. एका घराच्या सोवळ्यामागे एवढा इतिहास असू शकतो. ‘त्या अत्यंत धार्मिक होत्या’ असं लिहिताना हा प्रश्न आपल्याला पडतच नाही, की कशामुळे?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत पण जातीबाहेर गेलेला, आणि नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस. पुस्तकातला हा भाग वाचताना विनोदी लक्ष्मीबाई हे प्रकरण विसरायला होतं. सोज्वळ श्रद्धांजलीत हीच घटना ‘पतीच्या पाठीशी त्या खंबीरपणे उभ्या राहिल्या’ अशी आली असती. त्या उभ्या राहिल्या नाहीत. कोसळल्या, रागावल्या, झुरल्या. मग काही वर्षांनी नवऱ्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून गेल्या. एका घरात दोन धर्म, आणि मधे स्वयंपाकघराचा उंबरा.

पुढे जे झालं तो मला मराठी आत्मचरित्रातल्या मोठ्या क्षणांपैकी एक वाटतो, आणि लक्ष्मीबाई तो कसलाही गाजावाजा न करता सांगतात. जातीचा प्रश्न त्यांनी स्वतःशी, एकट्याने विचार करून सोडवला. देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या, असं मनाशी पक्कं झाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांनी सोवळं सोडलं, मग धर्म बदलला. पहिली पायरी नवऱ्याच्या आग्रहाने चढलेली नाही, आणि दुसऱ्या पायरीला त्यांनी पाच वर्षं लावली. पतिव्रतेने पतीमागोमाग धर्म स्वीकारला अशी ही गोष्ट सांगता येते, सांगितली जातेही. पण मागोमाग जाणाऱ्या बाईला पाच वर्षं लागत नाहीत. पाच वर्षं लागतात विचार करणाऱ्या बाईला.

धर्मांतर हा आज आपल्याकडे चटकन तापणारा विषय आहे. एका बाजूला लक्ष्मीबाई ‘मुक्त झाल्या’ असं सांगणारे आहेत, दुसऱ्या बाजूला ‘फरफटल्या’ असं सांगणारे. पुस्तक दोघांनाही फार धार्जिणं नाही. लक्ष्मीबाई मागे सोडलेल्या माणसांची थट्टा करत नाहीत आणि नव्या घरातल्या ख्रिस्ती मंडळींनाही सवलत देत नाहीत. त्यांची श्रद्धा घट्ट आहे, पण ती त्यांच्या विनोदबुद्धीवर पहारा ठेवत नाही. श्रद्धाळू बाई आणि तीक्ष्ण बाई या दोन वेगळ्या असतात अशी आपली ठाम समजूत असते. ‘स्मृतिचित्रे’ वाचून ती टिकत नाही.

समाजसेवेचंही तसंच. टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. स्वतःच्या मुलांखेरीज दुसऱ्यांची मुलं तिथे कायम. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडेच राहिले. निसर्गकवी म्हणून ज्यांच्या कविता आपण पाठ केल्या ते लक्ष्मीबाईंच्या आठवणीत रुसणारं, लाड करून घेणारं पोर आहेत. या सगळ्याला आज आपण ‘सेवाभावी कुटुंब’ म्हणू. मुलं आणायची टिळकांनी आणि जेवू घालायची लक्ष्मीबाईंनी, असा तो सेवाभाव होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हे नवं काम सुरू केलं. ध्येय मोठं होतं; घरात येणारा पगार थांबला. मोठ्या माणसाच्या त्यागाचा हिशोब कुणाच्या वहीत मांडला जातो हे पाहायचं तर असल्या जागा बघाव्यात. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावत नाहीत, आणि हिशोब लपवतही नाहीत. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचं काम केलं, पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला गेल्या. ज्या वयात बाई ‘देवदेव करत बसली’ म्हणून लिहिलं जातं त्या वयात ही मराठी गद्यातलं एक थोर पुस्तक लिहीत होती.

एवढ्यावर थांबलं तर लेख पुण्या-नगर-नाशिकच्या ब्राह्मण घरांतून फिरून आला, आणि त्या घरांत बाईच्या आठवणी निदान कागदावर तरी आल्या, असंच म्हणावं लागेल. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्याआधी सुमारे वीस वर्षं त्यांनी ते घरात लपवून ठेवलं होतं. छोटं दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या आणि नवऱ्याच्या नजरेआड लिहायच्या. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाजवळ ही वीस वर्षं ठेवून बघावीत.

कांबळे आपल्या आजोळच्या, वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांबद्दल लिहितात. इथे एक आजी नाही, वस्तीभरच्या आज्या आहेत, आणि लिहिणारी ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त म्हणते. रमाबाईंच्या ‘आमच्या’ मध्ये बाई नवऱ्याआड जाते. कांबळ्यांच्या ‘आमुचं’ मध्ये आख्खी वस्ती पुढे येते. एकच सर्वनाम, दोन उलट कामं. आषाढातले सण, नवस, अंगात येणं, थोरला मुलगा देवाला पोतराज म्हणून सोडणं, हे सगळं त्या आतून ओळखून लिहितात. या बायकांना दुसरा विसावा कुठे होता, हेही त्या जाणतात. एरवी ज्या बाईला कुणी विचारत नाही तिच्या अंगात देवी आली की सगळी वस्ती तिच्या पाया पडते. तरी त्या श्रद्धेला ‘भोळी’ म्हणून माया लावत नाहीत. ती आमच्या गळ्यातला फास होती असं स्पष्ट दाखवतात, आणि बाबासाहेबांनी तो कसा सैल केला तेही.

सगळ्यात अवघड गोष्ट त्या सासवांबद्दल करतात. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घातला जायचा, आणि घालण्यात घरची म्हातारी असायची. जिने स्वतः तेच भोगलं होतं ती. श्रद्धांजलीच्या मजकुरात अशी म्हातारी ‘कडक शिस्तीची’ होते. ‘कडक पण प्रेमळ’, या दोन शब्दांमधल्या ‘पण’ मध्ये किती सुनांची कथा असते ते सुनांनाच ठाऊक. कांबळे त्या म्हातारीला राक्षसीण करत नाहीत आणि तिला माफीही देत नाहीत. वर गावाचा जाच, घरात पुरुषाचा, आणि तिच्या हाताखाली फक्त सून. असा तो उतरंडीचा शेवटचा डेरा त्या दाखवतात. आपल्याच आज्यांबद्दल इतकं खरं लिहूनही आपुलकी तसूभर कमी झालेली नाही. हे कसं साधलं याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. एक कारण बहुधा हे, की त्या म्हातारीत स्वतःलाही बघतात.

आता एक आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. श्रद्धांजली हा विधी आहे, साहित्य नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मजकूर सगळ्या नातेवाइकांना एकत्र वाचता यायला हवा. त्यात खोडा आणि आंघोळ आणि थांबलेला पगार आणून कुणाचं भलं होणार? विधीचे शब्द सगळ्यांसाठी सारखे असतात म्हणूनच दुःखात उपयोगी पडतात. मंगलाष्टकांत आपण वधूचं व्यक्तिचित्रण शोधत नाही.

मान्य. फॅमिली ग्रुपवरच्या मजकुरावर कात्री चालवायला मी निघालेलो नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. विधीचा मजकूर हळूहळू स्मृती होऊन बसतो. आजी गेल्यावर पाच वर्षांनी नातवंडं तिच्याबद्दल जे सांगतात ते त्यांना आठवणारं नसतं, त्या मजकुरातलं असतं. शंभर माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकण्याला एकदा ‘अन्नपूर्णा’ म्हटलं की ते काम होतं, त्याला वेळ लागायचा, पाठ दुखायची, हे सगळं नाहीसं होतं. वारीला जाण्यासाठी तिला घरात किती वर्षं भांडावं लागलं हे ‘विठ्ठलभक्त’ या शब्दात उरत नाही. आणि मग तिच्या नातीने काही वेगळं करायचं ठरवलं की तिला सांगता येतं, आजी बघ, घर सांभाळून सगळं केलं तिने, कधी ब्र काढला नाही. हे खरं नसतं. आजीने भरपूर ब्र काढलेले असतात. लिहिणाऱ्याने गाळलेले असतात.

म्हणून या चार पुस्तकांकडे मी साहित्याइतकंच पुरावा म्हणूनही बघतो. ‘संपूर्ण स्मृतिचित्रे’ जाडजूड आहे, पण मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानेही वाचवतं, कारण ते मुळात छोट्या प्रसंगांचं बनलेलं आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी शांता गोखले यांचा २०१७ मधला अनुवाद आहे. ‘श्यामची आई’ सिनेमा विसरून वाचावी. रमाबाईंचं पुस्तक शेवटच्या पानानंतरच्या कोऱ्या पानांसकट वाचावं. ‘जिणं आमुचं’ एका बैठकीत संपेल इतकंच आहे, पण त्यानंतर लगेच दुसरं काही हातात घेववत नाही.

एक उदाहरण राहिलं. टिळकांनी येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं आणि ते अपुरं ठेवून ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. परिचयांमध्ये ही गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : पतीचे अपुरे राहिलेले कार्य त्यांनी पूर्ण केले. वाक्य ऐकायला छान आहे, त्यात कुटुंबही आलं, श्रद्धाही आली आणि सेवाही आली. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक लिहिले.